खोली मुलाची, यंत्र कोणाचें?

पावसाळा सुरू झाला कीं पेण आणि रोहा या दोन रेल्वे स्थानकांवर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. बाहेर पावसाची झड लागलेली असते. फलाटावर वडील, आई आणि त्यांच्यामध्यें नुकतेंच बारावी उत्तीर्ण झालेलें त्यांचें मूल उभें असतें. सामानांत नवी बॅग असते, पेणचे पोहे आणि पापड असतात, आजीनें आठवणीनें बांधून दिलेली चटणी असते. कोणी लोणेऱ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठांत जावयास निघालेला असतो, कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, तर कोणी थेट राजस्थानांतील कोट्यास. घर सुटतें आणि वसतिगृह सुरू होतें, तो हा क्षण.

पन्नास वर्षांपूर्वीं अशा वेळीं आईबापांचे प्रश्न ठरलेले असत. जेवण कसें आहे? पाणी किती वाजतां येतें? रेक्टर कडक आहेत कीं प्रेमळ? हे प्रश्न आजही विचारले जातात. परंतु त्यांच्या जोडीला कांहीं नव्या गोष्टी वसतिगृहांच्या माहितीपत्रकांत मोठ्या अभिमानानें छापलेल्या आढळतात. दार किल्लीनें उघडत नाहीं, कार्डानें किंवा बोटानें उघडतें. हजेरी वहींत मांडली जात नाहीं, यंत्र अंगठा किंवा चेहरा पाहून ती मांडतें. विजेचें मीटर मोबाइलप्रमाणें आगाऊ पैसे भरून चालू ठेवावें लागतें. व्हरांड्यांत कॅमेरे असतात. कपडे धुण्याचें यंत्र रिकामें झालें कीं तसा निरोप विद्यार्थ्याच्या हातांतील फोनवर येतो. परदेशांत तर टेबलावर ठेविलेली एक डबी विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून त्याचें उत्तरही देते. या सर्वांना मिळून ‘स्मार्ट’ हें एकच विशेषण लावण्यांत येतें, आणि तें वाचून पालकांचा जीव थोडासा खालीं पडतो. आपलें मूल आतां यंत्रांच्या पहाऱ्यांत सुखरूप राहील, असें त्यांना वाटतें. हें समाधान कितपत योग्य आहे, याचा विचार मूल गाडींत बसण्यापूर्वींच व्हावा हें बरें.

या यंत्रांचें अंतरंग फारसें गूढ नाहीं. प्रत्येकांत तीन भाग असतात. पहिला भाग ज्ञानेंद्रियाचा. तो उष्णता, प्रकाश, आवाज, हालचाल किंवा बोटाचा ठसा टिपतो. दुसरा भाग लहानशा संगणकाचा. टिपलेल्या गोष्टीवरून काय करावयाचें तें तो ठरवितो. तिसरा भाग निरोप्याचा. घडलेली हकीकत तो तारेवांचून दूर कोठें तरी कळवितो आणि तिकडून आलेला हुकूम आणून पोंचवितो. पाणी तापलें कीं साधा गीझरही आपोआप बंद होतो, पण त्याला कोणी ‘स्मार्ट’ म्हणत नाहीं. तो किती वाजतां लागला आणि किती वेळ चालला, ही बातमी जेव्हां तो बाहेर पाठवूं लागतो, तेव्हां त्याला ती पदवी मिळते. म्हणजे या यंत्रांचें खरें वैशिष्ट्य बातमी देण्यांत आहे. आणि बातमी म्हटली कीं ती कोणाविषयीं व कोणाला, हा प्रश्न ओघानेंच येतो.

घरांत हा प्रश्न सहसा उठत नाहीं. घरांतील गीझर विकत घेणारें, तो चालविणारें आणि त्याच्या पाण्यानें स्नान करणारें कुटुंब एकच असतें. यंत्र आवडलें नाहीं तर तें काढून माळ्यावर टाकावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. वसतिगृहांत मात्र या तीन भूमिका फुटून वेगळ्या होतात. यंत्र विकत घेते संस्था. तें चालविते बहुधा एखादी बाहेरची कंपनी. आणि त्याच्यासमोर झोपतो, उठतो, अभ्यास करितो तो विद्यार्थी. तेथें ज्याच्या उशाशीं यंत्र असतें, त्याच्या हातीं त्याची कळ नसते. या विषयांतील बहुतेक सर्व वाद या एका गोष्टींतून उत्पन्न होतात.

ज्याच्या दारांत यंत्र, त्याचें तें असतेंच असें नाहीं, हा अनुभव रोह्याच्या परिसराला नवा नाहीं. कुंडलिका नदीच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, भिरा येथें टाटांचें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालचें व भिवपुरीचें १९२२ सालचें. त्या मालिकेंतील हें तिसरें. घाटमाथ्यावर मुळशीचें पाणी अडवावयाचें, तें नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं सोडावयाचें आणि त्याच्या जोरावर चक्रें फिरवावयाचीं, अशी ही योजना. या धरणासाठीं ज्यांच्या जमिनी बुडावयाच्या होत्या त्या मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला आणि सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. वीज तयार झाली ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. वीजगृहाच्या आसपासच्या वाड्यांवर मात्र पुढेंही कित्येक वर्षें रॉकेलची चिमणीच मिणमिणत राहिली. कोलाडपाशीं कुंडलिकेच्या पाण्यांतून रबरी होड्या हांकण्याचा खेळ आज लोकप्रिय झाला आहे. पण त्या पाण्याची चढउतारही वीजगृहांतून पाणी केव्हां सुटतें यावर अवलंबून असते. नदी रोह्याची, पण तिची कळ दुसऱ्याच्या हातांत. यंत्र वाईट होतें असें येथें कोणी म्हणणार नाहीं. त्या विजेवर मुंबई उभी राहिली. यंत्र कोणाचा शब्द ऐकतें, एवढाच येथें मुद्दा आहे.

विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडांतही असें यंत्र फार पूर्वींपासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत नाणें टाकून चालणारीं गॅसची मीटरें निघालीं, आणि पुढें भाड्याच्या खोल्यांत तीं घरोघर बसलीं. विलायतेस शिकावयास गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यांना हें यंत्र चांगलेंच परिचयाचें होतें. थंडीनें बोटें आखडलीं कीं शेगडी पेटवावी, आणि भांडें उकळतें न उकळतें तोंच नाणें संपून ज्योत विझावी! हें मीटर एका अर्थीं गरिबाच्या सोयीचें होतें. महिनाअखेर मोठ्या बिलाचा धक्का त्यानें वांचविला. परंतु पुष्कळ ठिकाणीं त्याचा दर घरमालक ठरवीत, आणि तो गॅस कंपनीच्या दराहून चढा असे. आज खाजगी वसतिगृहांत खोलीखोलीला आगाऊ पैशांचें विजेचें मीटर बसतें, तें या जुन्या मीटरचेंच नातवंड होय. तेव्हां प्रश्नही जुनाच विचारावा: दर कोणी ठरविला, आणि वीज मंडळाचा दर काय आहे?

याच्या नेमकें उलट असें एक दुसरें घराणेंही या यंत्रांत आहे, आणि त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८२ सालीं कांहीं विद्यार्थ्यांनीं शीतपेयाच्या बाटल्यांचें एक यंत्र संगणकाला जोडलें. यंत्र होतें दूरच्या मजल्यावर. तेथवर जावें आणि तें रिकामें आढळावें, किंवा बाटली कोमट निघावी, याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनीं कोणत्या कप्प्यांत बाटली आहे हें संगणकाला कळेल अशी योजना केली. बाटली भरून तीन तास झाले कीं संगणक ती थंड झाल्याचें सांगे. जगांतील पहिल्या ‘स्मार्ट’ यंत्रांत याची गणना होते. इंग्लंडांत केंब्रिज येथें १९९१ सालीं संगणकशास्त्राच्या संशोधकांनीं कॉफीच्या किटलीवर एक कॅमेरा रोखून ठेविला. किटलींत कॉफी उरली आहे कीं नाहीं, हें ज्याला त्याला आपल्या जागेवरूनच दिसे. हा कॅमेरा पुढें जगभर पाहिला जाऊं लागला आणि २००१ सालीं बंद झाला. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या रँडम हॉल नांवाच्या वसतिगृहांतील मुलांनीं तर गेल्या शतकाच्या अखेरीस कपडे धुण्याचीं यंत्रें आणि स्नानगृहांचीं दारें इंटरनेटला जोडलीं. कोणतें स्नानगृह रिकामें आहे, हें अंथरुणांतून न उठतां कळूं लागलें!

हे प्रकार हास्यास्पद वाटतील. पण त्यांत एक शहाणपण दडलेलें आहे. हीं यंत्रें वस्तूंची बातमी देत होतीं, माणसांची नाहीं. बाटली आहे कीं नाहीं हें तीं सांगत. कोणी किती बाटल्या प्याल्या हें सांगत नसत. स्नानगृह अडलें आहे एवढेंच कळे. आंत कोण आहे तें कळत नसे. शिवाय बातमी सर्वांना सारखीच मिळे, आणि ज्यांनीं यंत्र बांधलें तेच तें वापरीत. म्हणून तेथें कोणाला पाळत ठेविल्यासारखें वाटलें नाहीं.

पुढें हीं यंत्रें बाजारांतून तयार होऊन येऊं लागलीं आणि चित्र पालटलें. ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठानें २०१७ सालीं अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीं बांधलेल्या नव्या वसतिगृहांत, ज्यांना हवीं त्यांना, ॲमेझॉन कंपनीचीं बोलकीं यंत्रें दिलीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१८ सालीं, सेंट लुई विद्यापीठानें आपल्या वसतिगृहांच्या प्रत्येक खोलींत असें यंत्र ठेविलें. त्यांची संख्या दोन हजार तीनशेंहून अधिक होती. ग्रंथालय केव्हां बंद होतें, आज कोणता कार्यक्रम आहे, असे प्रश्न विद्यार्थ्यानें विचारावे आणि यंत्रानें उत्तर द्यावें, असा हेतु. यंत्रें विद्यार्थ्यांच्या खाजगी खात्यांना जोडलेलीं नाहींत, असा खुलासा विद्यापीठानें केला होता. हेतु चांगला होता, खुलासाही आवश्यक होता. तरी या दोन उदाहरणांतील फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एके ठिकाणीं यंत्र मागणाऱ्याला मिळालें. दुसऱ्या ठिकाणीं तें विद्यार्थी येण्यापूर्वींच खोलींत येऊन बसलें होतें. जें यंत्र हांक मारतांच ओ देतें, तें हांकेची वाट पाहत सदैव कान उघडे ठेवून असतें. आणि दोघांच्या खोलींत एकाची संमति ही दुसऱ्याची संमति होत नाहीं.

आतां पुन्हा पेणकडे वळावें. आदिवासी विकास विभागाचें रायगड जिल्ह्यासाठीं असलेलें प्रकल्प कार्यालय पेण येथें आहे. जिल्ह्यांतील कातकरी आणि ठाकर समाजाचीं पुष्कळ मुलें आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहून शिकतात. कातकरी ही महाराष्ट्रांतील तीन अतिदुर्बल आदिवासी जमातींपैकीं एक. दिवाळी सरली कीं त्यांतील कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाळा जवळ आला कीं परततात. अशा घरांतील मुलाला वसतिगृह ही चैन नसून तोच शिक्षणाचा एकमेव आधार असतो. अशा ठिकाणीं अंगठ्याच्या ठशावर हजेरी घेण्याची पद्धत आली म्हणजे तिच्या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. खोट्या नांवांनीं पट फुगविणें आणि त्यावर धान्य व पैसे उचलणें, हा जुना रोग अशा यंत्रानें आटोक्यांत येतो, आणि त्याचा लाभ खऱ्या विद्यार्थ्यालाच होतो. परंतु माती मळून, विटा वाहून झिजलेल्या बोटांवरील रेषा यंत्राला नीट उमटत नाहींत, हा कष्टकऱ्यांचा सर्वत्र अनुभव आहे. वाढत्या वयाच्या मुलांचे ठसेही कायम राहत नाहींत. म्हणूनच आधार कार्डासाठीं पांचव्या वर्षीं दिलेले ठसे पंधराव्या वर्षीं पुन्हा द्यावे लागतात. सुट्टींत आईबापांबरोबर भट्टीवर राबून परत आलेल्या मुलाचा अंगठा यंत्रानें ओळखला नाहीं, तर चूक मुलाची धरावयाची कीं यंत्राची? जेथें यंत्राशेजारीं एक वही आणि एक विचारी माणूस असेल, तेथें हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. जेथें तीं दोन्ही नसतील, तेथें मूल उपस्थित असूनही कागदावर गैरहजर ठरतें.

यंत्र माणसाची जागा किती घेऊं शकतें, या प्रश्नाचें सर्वांत कठोर उदाहरण कोटा शहरानें दाखविलें. प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं देशभरांतून तेथें मुलें जातात. त्यांत महाराष्ट्रांतीलही असतात. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हां २०२३ च्या ऑगस्टांत तेथील जिल्हा प्रशासनानें सर्व वसतिगृहांतील पंखे विशिष्ट स्प्रिंगवर बसविण्याचा आदेश काढला. या आदेशाची पुष्कळ थट्टा झाली; ती मात्र अयोग्य होती. निराशेचा झटका बहुधा क्षणिक असतो, आणि त्या क्षणीं साधन हातीं लागलें नाहीं तर जीव वांचतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्रांत सिद्ध झालेली आहे. परंतु क्षण वांचविल्यावर दिवस कोणी वांचवावयाचा? मुलगा दोन दिवस जेवला नाहीं, त्यानें घरीं फोन करणें सोडलें, तो एकटाच गच्चीवर बसूं लागला, हें स्प्रिंगला कळत नाहीं. तें खानावळींतील बाईला कळतें, शेजारच्या खोलींतील मित्राला कळतें, रोज रात्रीं फेरी मारणाऱ्या रेक्टरांना कळतें. मात्र तसें पाहणें हें कोणी तरी आपलें काम मानलें पाहिजे. मन:स्वास्थ्यासाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची मोफत सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं.

सुरक्षिततेसाठीं बसविलेलें यंत्रच कधीं असुरक्षिततेचें दार ठरतें, हेंही पालकांनीं ध्यानांत घ्यावें. बाजारांतील स्वस्त कॅमेरे आणि वाय-फायच्या पेट्या कारखान्यांतून एकाच सांकेतिक शब्दासह बाहेर पडत, आणि विकत घेणारे तो शब्द बदलीत नसत. या आळसाचा फायदा घेऊन ‘मिराई’ नांवाच्या एका दुष्ट संगणकीय कार्यक्रमानें २०१६ सालीं लक्षावधि यंत्रें आपल्या ताब्यांत घेतलीं, आणि त्या वर्षींच्या २१ ऑक्टोबरास अशा यंत्रांच्या धाडीनें अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. हा कार्यक्रम रचणाऱ्यांत एक महाविद्यालयीन विद्यार्थीही होता, हा आणखी एक धडा. व्हेरायझन कंपनीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत एका विद्यापीठाची हकीकत आहे; नांव दिलेलें नाहीं. तेथील दिवे, खाऊ विकणारीं यंत्रें आणि अशींच पांच हजारांवर उपकरणें कोणी परक्यानें वश केलीं होतीं, आणि तीं सर्व मिळून दर पंधरा मिनिटांनीं मासळीविषयींचे पत्ते शोधीत होतीं! त्या धांदलींत विद्यापीठाचें इंटरनेट मंदावलें, तेव्हां कोठें हा प्रकार उघडकीस आला. मासळीच्या शोधावर हंसावयास हरकत नाहीं. परंतु त्याच वाटेनें कोणी मुलींच्या वसतिगृहांतील कॅमेऱ्यापर्यंत पोंचला तर तें हंसण्यावारीं नेतां येणार नाहीं.

शेवटीं यंत्र बंद पडतें तेव्हां काय, हा प्रश्न. कोंकणांत तो टाळतां येत नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. झाडें उन्मळलीं, विजेचे खांब वांकले, आणि जिल्ह्यांतील अनेक गांवांत कित्येक दिवस वीज आली नाहीं. मोबाइलचे मनोरेही मुके झाले. त्या वर्षीं टाळेबंदीमुळें वसतिगृहें बहुतेक रिकामीं होतीं. तीं भरलेलीं असतीं तर विजेवर उघडणाऱ्या दारांचें, आगाऊ पैसे भरल्याखेरीज न लागणाऱ्या मीटरांचें आणि पंपाच्या आज्ञेवर अवलंबून असलेल्या पाण्याचें काय झालें असतें, याचा विचार प्रत्येक संस्थेनें करून ठेवावयास हवा. विजेवर चालणारें कुलूप वीज गेल्यावर आंतून हातानें उघडलेंच पाहिजे. आग लागली असतां याच एका गोष्टीवर प्राण अवलंबून असतात. जुन्या किल्लीचा एक जुडगा खिळ्याला टांगून ठेवण्यांत कोणत्याही विज्ञानाचा अपमान होत नाहीं.

कायद्यानेंही या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. केरळच्या उच्च न्यायालयासमोर २०१९ सालीं वसतिगृहाचेंच एक प्रकरण आलें. संध्याकाळीं सहा ते दहापर्यंत मोबाइल वापरावयाचा नाहीं, हा नियम न मानल्याबद्दल एका विद्यार्थिनीला वसतिगृहांतून काढण्यांत आलें होतें. न्यायालयानें इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्कांत मोडतो असें ठरवून तिला परत घेण्यास सांगितलें. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची खात्रीलायक संमति आवश्यक मानली आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले; त्यांत शिक्षणसंस्थांना शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती सवलत आहे, आणि मुख्य कलमें टप्प्याटप्प्यानें लागू करण्याचें ठरलें आहे. तथापि कायदा न्यायालयांत उपयोगी पडतो. वसतिगृहाच्या दारांत उपयोगी पडतो तो वेळेवर विचारलेला प्रश्न.

असे प्रश्न तीनच पुरे आहेत, आणि ते प्रवेशाची पावती फाडण्यापूर्वीं विचारावे. हें यंत्र कोणाच्या हुकुमानें चालतें? त्याची बातमी कोणाकडे जाते, आणि ती किती दिवस ठेविली जाते? तें बंद पडलें किंवा चुकलें तर कोणत्या माणसाला भेटावयाचें? ज्या संस्थेपाशीं या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तयार असतील, तेथें यंत्रांचें स्वागतच करावें. तापलेल्या पाण्याची वेळ कळविणारा सौर बंब, टाकी भरली कीं वाजणारी घंटा, धूर होतांच ओरडणारी डबी, हीं गुणी यंत्रें होत. तीं वस्तूंवर नजर ठेवतात आणि माणसाला मोकळें सोडतात. अशा प्रकारचीं यंत्रें आज चारपांचशें रुपयांच्या सुट्या भागांतून तंत्रशास्त्राचा विद्यार्थी स्वतः बांधूं शकतो. वसतिगृहानें त्याला तशी मुभा आणि एक कोपऱ्यांतील टेबल दिलें, तर विकत घेतलेल्या कोणत्याही यंत्राहून तें अधिक मोलाचें शिक्षण ठरेल.

पालकांनींही एक प्रश्न स्वतःला विचारावा. मुलगी किती वाजतां खोलीवर आली, याचा निरोप रोज रात्रीं फोनवर येतो म्हणून तिला स्वतः फोन करणें मागें तर पडत नाहीं ना? निरोप आला कीं मन निवांत होतें. पण त्या निरोपांत तिचा आवाज नसतो. ती दमली आहे, रडली आहे, कीं एखादें गणित सुटलें म्हणून आनंदांत आहे, हें त्यांतून समजत नाहीं.

महाराष्ट्राला वसतिगृहांची परंपरा मोठी आहे. शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उघडविलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविलें, आणि त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिनेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडलें. त्या बोर्डिंगाचें नामकरण महात्मा गांधींच्या हस्तें झालें तें १९२७ सालीं, म्हणजे भिऱ्याचीं चक्रें ज्या वर्षीं फिरूं लागलीं त्याच वर्षीं. त्या काळच्या वसतिगृहांत विजेचा दिवाही दुर्मिळ होता. पण कोणतें मूल उपाशी झोपलें आहे, हें तेथें कळत असे.

भिऱ्याची वीज आणि साताऱ्याचें मातृहृदय या दोन्ही गोष्टी आजच्या वसतिगृहाला हव्या आहेत. पहिली विकत मिळते. दुसरीची चौकशी मात्र गाडी सुटण्यापूर्वीं करावी लागते.